झडपेमागचा काळोख

एकदा एक म्हातारा डॉक्टर होता. हृदय तपासण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि जिभेने तो तिखट होता. त्याच्यापाशी एक शिष्य शिकत होता. पोरगा हुशार, पण हुशार माणसाला असते ती घाई त्यालाही होती.

त्यांच्याकडे एक तांबट दाखल झाला. त्याच्या हृदयात धातूची झडप बसवलेली. ताप बरेच दिवस हटत नव्हता, आता इंजेक्शनांनी जरा उतरल्यासारखा वाटत होता. अशा झडपेच्या कडेला कधी कधी पू धरतो आणि हृदयाची भिंत आतून खात सुटतो. शिष्याने छातीवरून इको केला, पडदा न्याहाळला आणि तांबटाच्या बायकोला सांगितलं, "ताई, पू नाही. न्या घरी."

बाई सामान बांधू लागली. तेवढ्यात म्हातारा आला. त्याने ते चित्र पाहिलं आणि म्हणाला, "जा, तिला सांग की तू पाहिलंच नाहीस."

शिष्य गोंधळला. "सर, चांगला वेळ घेऊन पाहिलं."

"वेळ घेतलास. दिसलं काय?"

"झडपेमागे काहीच नाही. सगळं काळं आहे."

"अरे, यंत्राच्या लाटा धातूवर आपटून मागे फिरतात. पलीकडे पोचतच नाहीत. ती सावली आहे. तुझी नजर जिथं गेलीच नाही, ती जागा निरोगी म्हणून मोकळा झालास. आता घशातून नळी घालून मागच्या अंगाने बघू. पण आधी दिलेला शब्द परत घेऊन ये. मी येणार नाही, तूच जा."

शिष्य गेला. बाईने ऐकून घेतलं. "मघाशी म्हणालात, पू नाही. आता म्हणता, ठाऊक नाही. यातलं खरं कुठलं?"

"दुसरं," तो म्हणाला.

तांबट खाटेवरून कण्हत बोलला, "घाला नळी. एवढ्या सुया पचवल्या, हीपण गिळतो."

नळीतून दिसलं. पू होता, आणि भिंतीत पोकळी पडली होती. त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. तांबट टेबलावरून उठला नाही.

"सर, शब्द फिरवून काय मिळवलं?" शिष्याने विचारलं. "तो गेलाच."

"वाचवणं आपल्या हातात होतंच असं नाही," म्हातारा म्हणाला. "पण तुझं ऐकून ती निघाली असती, तर तो एसटीत तिच्या मांडीवर गेला असता. मग 'मीच त्यांना उठवून नेलं' असं ती जन्मभर म्हणत बसली असती. चूक तुझी, आणि ओझं तिच्या डोक्यावर."

बाहेर बाकावर बाई एकटीच होती, भाऊ अजून गावाहून पोचायचा होता. शिष्य तिच्या शेजारी जाऊन बसला. तिने विचारलं, "आधी कळलं असतं, तर वाचले असते का हो?"

"ते मला माहीत नाही, ताई," तो म्हणाला, आणि तिथून उठला नाही.