तिसऱ्या विहिरीचं पाणी

फार पूर्वी, माणूस कुठल्या गावचा हे त्याच्या पागोट्याच्या रंगावरून कळायचं, तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठच्या एका गावात एक रंगारी राहत होता. लाल रंगात त्याचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं, आणि ही गोष्ट सगळ्यांत जास्त त्याला स्वतःलाच माहीत होती.

एका वर्षी गावातल्या विणकरांनी आपलं बिऱ्हाड दुसरीकडे हलवलं. रंगवायला कापडच उरलं नाही, तेव्हा रंगारी काम शोधायला निघाला. बायकोला आणि लहानग्या लेकीला त्याने सांगितलं, की दिवाळीपर्यंत कुठेतरी पक्कं काम मिळवतो आणि तुम्हाला न्यायला येतो. लेकीने विचारलं, नाही मिळालं तर? त्यावर तो नुसता हसला.

दोन दिवस चालून तो डोंगरावरच्या एका गावी पोचला. तिथे रंगाचा मोठा कारखाना होता. तो चालवणाऱ्या वयस्क बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत. रंगाऱ्याने आपली कीर्ती सांगायला सुरुवात केली, तशी बाईंनी त्याला हातानेच थांबवलं. त्याच्या डोक्यावरचं लाल पागोटं मागून घेतलं आणि ओला अंगठा त्याच्या टोकावर खसाखसा घासला. अंगठ्याला रंग लागला नाही.

"हात चांगला आहे तुझा," बाई म्हणाल्या. "दिवाळीपर्यंत काम बघते. पटलं तर कायमचा ठेवून घेईन. मात्र पहिले पंधरा दिवस पाणी भरायचं."

कारखान्याची रीतच तशी होती. नवा माणूस कितीही नावाजलेला असो, पाच दिवस पहिल्या विहिरीचं पाणी आणायचं, पाच दिवस दुसऱ्या आणि पाच दिवस तिसऱ्या. पाण्याचं सगळं गेनूमामा नावाचे एक म्हातारे बघत. त्यांनी रंगाऱ्याच्या खांद्यावर कावड दिली आणि त्याला जवळच्या पहिल्या विहिरीवर नेलं. विहिरीच्या काठाचे दगड गंजल्यासारखे तांबूस होते. रंगाऱ्याला ते दिसलं, पण असे का, हे काही त्याने विचारलं नाही. ज्याने आयुष्यभर लाल रंग केला त्याने पाणक्याला काय विचारायचं?

चार दिवस त्याने कशीबशी कावड वाहिली. खांदा सोलवटला, त्याहून जास्त मान दुखावला. पाचव्या दिवशी तो बाईंकडे गेला आणि म्हणाला, की मी पाणी भरायला घर सोडून आलो नाही, मला कढई द्या. बाईंनी वाद घातला नाही. सध्या कुठलीच कढई मोकळी नाही, तोवर बस, एवढंच म्हणाल्या. रंगारी सावलीत बसला आणि दुसऱ्यांच्या कामातल्या चुका मनातल्या मनात काढू लागला. बसल्या बसल्या करायला हे काम फार चांगलं होतं.

आठवडाभराने कारखान्याचा लाल रंगाचा कारागीर तापाने फणफणला. नेमकी शेजारच्या गावच्या लग्नाची चाळीस लाल पागोटी द्यायची होती, आणि लग्न चार दिवसांवर आलं होतं. बाईंनी रंगाऱ्याला बोलावलं, चार कोरी पागोटी त्याच्या हातात ठेवली आणि संध्याकाळपर्यंत एवढी करून दाखव म्हणाल्या. ती जमली की उरलेली छत्तीस त्यालाच मिळणार होती.

"हा तर माझ्या डाव्या हाताचा मळ," रंगारी म्हणाला.

"असेल. काही विचारायचंय का?"

रंगारी क्षणभर घुटमळला. खरं तर त्याला विचारायचं होतं. पाणी कुठलं घ्यायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. पण विचारलं तर लोक म्हणतील, एवढा मोठा रंगारी आणि याला पाणीसुद्धा कळत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा विचार करून त्याने मान हलवली. नाही, काही नाही.

मग त्याने जवळच्या विहिरीचं पाणी आणलं, कारण ती जवळ होती. तुरटीच्या पाण्यात पागोटी भिजवली. लाल रंगासाठी मंजिष्ठेची मुळं कुटून कढईत टाकली, घरी टाकायचा तेवढीच, आणि जाळही घरी ठेवायचा तेवढाच मंद ठेवला. कुठेही हयगय केली नाही. दुपार कलल्यावर त्याने पहिलं पागोटं काठीने वर उचललं. रंग लाल नव्हता. जुन्या वांग्यासारखा काळपट तपकिरी होता. दुसरं तसंच, तिसरं तसंच, चौथंही तसंच.

त्याने ती चारही पागोटी वलणीवर टाकली. येणारे-जाणारे बघत होते आणि काही न बोलता पुढे जात होते. कुणी हसलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

आता बाईंना काय सांगायचं? मंजिष्ठ जुनी निघाली असं सांगता आलं असतं. ती ज्या व्यापाऱ्याने दिली तो दूरगावी होता, त्याला विचारायला कोण जाणार होतं? नाचता येईना अंगण वाकडं, एवढंच तर म्हणायचं होतं. तेच मनाशी घोकत तो निघाला. पण बाईंच्या दारात पोचला आणि त्याला स्वतःच्या डोक्यावरच्या पागोट्याची आठवण झाली. बाईंनी ते घासून पाहिलं होतं, आणि त्याचा रंग खरा निघाला होता. त्याला फार लाज वाटली. त्याने पागोटं काढून हातात घेतलं आणि तो आत गेला.

"बाई, पागोटी बिघडली. मंजिष्ठ चांगली होती, तुरटी चांगली होती. मला इथलं पाणी माहीत नाही. आमच्या गावी एकच नदी होती, म्हणून पाणी निवडायची वेळ कधी आलीच नाही. सकाळी विचारायला हवं होतं, पण लाज वाटली."

बाईंनी दारातूनच वलणीवरच्या पागोट्यांकडे पाहिलं. रंगाऱ्याला लेकीचा प्रश्न आठवला. या वेळी त्याला हसू आलं नाही.

"हे सकाळी म्हणाला असतास तर चार पागोटी वाचली असती," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी म्हणालास, म्हणून तू वाचलास. जा, गेनूमामांना गाठ."

गेनूमामा त्याला घेऊन उजेड होता तोवरच निघाले. पहिल्या विहिरीचं पाणी त्यांनी त्याला चाखायला लावलं. लोखंडाचा खिळा चोखल्यासारखी चव आली. हे पाणी काळ्या रंगासाठी सोनं आणि लालासाठी विष, मामा म्हणाले. दुसरी विहीर जराशी खारट होती, तिचं पाणी नुसतं जमीन धुवायला. तिसरी पार टेकडीपलीकडे होती. तिचं पाणी रंगाऱ्याने ओंजळीत घेतलं, तोंडाला लावलं आणि त्याचे डोळे भरून आले. अगदी गावच्या नदीसारखं होतं ते.

छत्तीस पागोटी कुंकवासारखी लाल झाली, आणि वर नव्या कापडाची चार. लग्न वेळेवर लागलं. दुसऱ्या दिवशी कुणी न सांगता रंगाऱ्याने कावड उचलली आणि राहिलेले अकरा दिवस पाणी भरलं. खांदा पुन्हा सोलवटला, पण या वेळी तो वाटभर मामांना काही ना काही विचारत होता. दिवाळीच्या आठ दिवस आधी बाईंनी त्याला बायको-लेकीला आणायला सुट्टी दिली. काम पक्कं झालं, हे त्यांनी वेगळं सांगितलं नाही.

बरीच वर्षं गेली. रंगारी आता कारखान्याचा मुख्य कारागीर होता. एके दिवशी लांबच्या गावचा एक नावाजलेला रंगारी काम मागायला आला. त्याला पंधरा दिवस पाणी भरायचं सांगितल्यावर त्याचंही तोंड कडू झालं.

"काही विचारायचंय का?" आपल्या रंगाऱ्याने त्याला विचारलं.

नवा माणूस जरा घुटमळला. मग म्हणाला, "रागावणार नसाल तर विचारतो. तुमच्या लाल रंगाची एवढी कीर्ती, मग तुमच्या डोक्यावरचं पागोटं काळं कसं?"

बिघडलेल्या चार पागोट्यांपैकीच एक होतं ते, पहिल्या विहिरीच्या पाण्यात काळं करून घेतलेलं. रंगारी हसला आणि त्याने नव्या माणसाच्या खांद्यावर कावड दिली.

"चल, वाट लांब आहे. जाता जाता सांगतो."

तात्पर्य: नव्या कामावर आपला रंग दाखवण्याआधी तिथलं पाणी ओळखावं. माहीत नसेल ते सकाळीच विचारावं, आणि चुकलंच तर संध्याकाळ व्हायच्या आत कबूल करावं.