रखवालदाराला उठवणारी चिप

फार पूर्वी, संगणक सुरू होईपर्यंत अख्खा चहा पिऊन व्हायचा त्या काळी, एका गावच्या पाणी सोडायच्या खोलीत एक संगणक होता. सकाळी त्याच्यातली एवढीशी चिप आधी जागी व्हायची आणि हाका मारून बाकीच्यांना उठवायची. त्यांत व्हायरस पकडणारा एक रखवालदारही होता, कायम मिशांना पीळ देणारा.

काही दिवसांपासून मात्र संगणक नको तेव्हा व्हॉल्व्ह उघडायचा आणि गावाचं पाणी ओढ्याला जायचं. व्हायरस डिस्कवर असेल म्हणून ऑपरेटर वेणूताईंनी वैतागून जुनी हार्ड डिस्क काढून नवी बसवली. तरी पाणी ओढ्यालाच!

"माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही," रखवालदार म्हणाला.

"काका, तुम्हाला उठवतं कोण?" नव्या डिस्कने विचारलं.

"चिप. उठवते आणि सांगते, सगळं ठीक आहे."

"आणि तिच्यातच कुणी घुसलं असेल तर?"

"ते मला कसं दिसणार? मी तेव्हा झोपलेला असतो!"

वेणूताईंनाही तोच संशय आला. संगणकात एक खडूस कुलूप होतं. ओळख पटल्याशिवाय ते चिपला हाक मारू द्यायचं नाही. फार वेळ खातं म्हणून ताईंनीच ते बंद करून ठेवलं होतं. आता त्यांनी ते चालू केलं.

सकाळी चिपच्या आवाजात कुणीतरी ओरडायला निघालं, "उठा रे..."

"आधी खूण दाखव," कुलूप म्हणालं.

खूण नव्हतीच. संगणक काही उठला नाही. वेणूताईंनी हाताने व्हॉल्व्ह फिरवून गावाला पाणी सोडलं, आणि ओढा कोरडा राहिला.

रखवालदार दिवसभर घोरत पडला होता. इतकी चोख राखण त्याने आजवर कधी केली नव्हती.