आकाश निरभ्र, बत्तीस अंश

एका गावात एक इंजिनिअर राहत होता. नाव धैर्यशील. हुशार होता, हे कबूल करायलाच हवं. खोटारडा तर मुळीच नव्हता. म्हणूनच त्याची गोष्ट सांगताना माझा जास्त संताप होतो.

गाव हळदीचं. माघ-फाल्गुनात हळद काढायची, कढईत शिजवायची आणि पंधरा दिवस खळ्यावर उन्हात वाळवायची. वाळत आलेली हळद भिजली की काळी पडते, मग तिला बाजारात कुणी विचारत नाही. म्हणून गावात एक रीत होती. परगावी जाणारा माणूस शेजाऱ्याला सांगून जायचा, "आमच्या खळ्याकडं बघा. आभाळ आलं तर ताडपत्री टाका." आणि शेजारी स्वतःची हळद झाकायच्या आधी त्याची झाकायचा.

धैर्यशीलनं गावासाठी हवामान सांगणारं एक वेब ॲप केलं. मोबाईलवर उघडायचं, गावाचं नाव टाकायचं, बटण दाबायचं. ॲप लांबच्या एका हवामान सेवेला विचारायचं आणि आलेलं उत्तर पडद्यावर दाखवायचं. त्या सेवेची फुकटची किल्ली, म्हणजे तिला विचारायचा परवाना, त्यानं घेतली होती. तिच्यावर दिवसातून ठरावीक वेळाच विचारता यायचं. तेवढं संपलं की दुसऱ्या दिवसापर्यंत उत्तर बंद.

उद्घाटनाला सरपंच अण्णासाहेबांनी नारळ फोडला आणि गावाचं नाव टाकलं. पण सकाळपासून चाचण्या करून करून धैर्यशीलनं त्या दिवसाचा कोटा संपवला होता. पडद्यावर लाल अक्षरं उमटली: 'माहिती मिळाली नाही.' मंडळी हसली. अण्णासाहेबांचा चेहरा पडला.

"हे लाल काढून टाक," ते म्हणाले. "चारचौघांत बरं दिसत नाही."

आणि त्या शहाण्यानं काढलं. उत्तर आलं नाही, तर ॲपनं 'आकाश निरभ्र, बत्तीस अंश' असं दाखवावं, अशी सोय त्यानं करून ठेवली. फाल्गुनात बहुतेक रोज ऊनच असतं, मग बिघडलं कुठं, असं त्यानं मनाला समजावलं. पुढं सवडीनं बदलू, असंही ठरवलं. सत्काराला जायला त्याला सवड झाली, हे बदलायला मात्र झाली नाही.

महिनाभर ऊन पडलं आणि ॲप बरोबर ठरलं. कधी ते सेवेचं उत्तर असायचं, कधी धैर्यशीलच्या मनचं. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसायची. गावाचा विश्वास बसला आणि शेजाऱ्याला सांगून जायची रीत मागं पडली.

मालनबाईंची हळद खळ्यावर चौदा दिवस वाळली होती. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीनं पिकवलेली ती पहिली हळद. त्यांचं सगळं वर्ष त्या खळ्यावर पसरलेलं होतं. पंधराव्या दिवशी त्या हळद पॉलिश करून घ्यायला नंबर लावण्यासाठी तालुक्याला गेल्या. दुपारी तिथून गावाच्या दिशेला ढग दिसले. त्यांनी घाईघाईनं ॲप उघडलं.

पण तेच ढग बघून अख्ख्या पंचक्रोशीनं ॲप उघडलं होतं. कोटा केव्हाच संपला होता. पडद्यावर आलं, 'आकाश निरभ्र, बत्तीस अंश.' मालनबाई निर्धास्तपणे रांगेत थांबल्या.

त्या परतल्या तेव्हा हळद चिखलात पडली होती. शेजारच्या तानूआत्या खळ्याच्या कडेला डोळे पुसत उभ्या होत्या.

"तू गावात न्हाईस, हे मला ठावंच न्हाई गं," त्या म्हणाल्या. "सांगून गेली असतीस तर आधी तुझी झाकली असती."

बातमी ऐकून सरपंचांसोबत धैर्यशील आला.

"काकी, माझ्या हातात नव्हतं," तो म्हणाला. "फुकटच्या किल्लीची मर्यादा संपली. उत्तरच आलं नाही."

"उत्तर आलं न्हाई," मालनबाई म्हणाल्या. "मग निरभ्र हाय, हे कुणी सांगितलं?"

धैर्यशीलनं मान खाली घातली. "मीच लिहून ठेवलं होतं."

"म्हाईत न्हाई, एवढं लिवलं असतंस, तर मी आत्याला फोन केला असता, बाळा. एक फोन."

अण्णासाहेब पुटपुटले, "पाऊस काय कुणाच्या हातात असतो?" पाऊस नव्हता हो हातात, पण लाल अक्षरं होती! चार माणसं हसली याची यांना लाज वाटली. एका बाईचं वर्ष चिखलात गेलं, त्याची वाटली नाही.

धैर्यशीलनं तिथंच बसून लाल अक्षरं परत घातली. आता उत्तर आलं नाही की ॲप सांगतं, 'आत्ता माहीत नाही. शेजाऱ्याला विचारा.' मालनबाईंची हळद मात्र काळी पडली ती पडलीच.

तात्पर्य: 'मला माहीत नाही' म्हणताना आपली मान घडीभर खाली जाते; पण माहीत नसताना ठासून सांगितलं, तर आपल्यावर विसंबलेल्याचं घर बुडतं.