सखाहरीची कच्ची नववी

एका कुंभारवाड्यात सखाहरी नावाचा एक भोळा मुलगा होता. सांगितलं ते करायचा. जसं सांगितलं तसंच करायचा. त्याची आई सारजा मडकी घडवायची आणि देवाकडे एकच मागायची, पोरगा तालुक्याच्या मोठ्या कॉलेजात जाऊ दे. त्या कॉलेजात मुलं निवडून निवडून घेत.

सखाहरी नववीत गेला. गुरुजी म्हणाले, "सखाहरी, पुस्तक रोज नुसतं डोळ्यांखालून घातलंस तरी पास होशील."

सखाहरी रोज पुस्तक गालावरून फिरवी. उजव्या डोळ्याखालून न्यायचं, डाव्या डोळ्याखालून आणायचं. परीक्षेत भोपळा मिळाला.

"अरे खुळ्या," गुरुजी म्हणाले, "उघडावं, आत काय आहे ते बघावं!"

"बरं गुरुजी. आता उघडूनच बघीन."

घरी आईने आवा पेटवला होता. आत मडकी भाजत होती. आई म्हणाली, "सख्या, मी पाणी घेऊन येते. तवर आव्याकडं बघ."

बघायचं म्हणजे उघडायचं. सखाहरीने आव्यावरची माती उपसली. गार वारा आत शिरला आणि मडकी तडातड फुटली.

आईने कपाळाला हात लावला. "अरे माझ्या राजा, कच्चं असंल ते झाकून भाजायचं असतं! पक्कं होईस्तोवर उघडायचं नाही!"

"बरं आई. आता झाकूनच भाजीन."

दुसऱ्या दिवशी गुरुजी म्हणाले, "सखाहरी, तुझं गणित फार कच्चं आहे रे."

सखाहरी पळतच घरी गेला. गणिताचं पुस्तक आव्यात ठेवलं, वरून माती लिंपली. सकाळी ओंजळभर राख घेऊन तो शाळेत आला. "गुरुजी, जरा जास्तच पक्कं झालं."

गुरुजींनी राख खिडकीबाहेर झटकली. मग म्हणाले, "बाळा, शिकताना कच्चं राहिलं, तर मागं जावं. पार सुरुवातीपासून पुन्हा धरावं."

"बरं गुरुजी."

नववीत मार्क कसेबसे पडले. गुरुजींनी त्याला वर ढकललं. दहावीत मात्र त्यांनी सांगणंच सोडलं, जवळ बसवून शिकवलं. आणि काय नवल, सखाहरी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाला! सारजाने आळीभर साखर वाटली, ठेवणीतलं लुगडं नेसली आणि पोराला घेऊन कॉलेजात गेली.

प्राचार्य म्हणाले, "दहावी उत्तम आहे. पण आम्ही नववीही बघतो. नववीत मार्क कमी पडलेत. पाया कच्चा आहे, बाई."

सारजाचा चेहरा उतरला. सखाहरी मात्र हसला. कच्चं राहिलं की काय करायचं, हे त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तो नववीच्या वर्गात जाऊन बसला. पण ही काही सुरुवात नव्हे. नववीच्या आधी आठवी, आठवीच्या आधी सातवी. एकेक वर्ग मागे सरकत सखाहरी अंगणवाडीत पोचला आणि पोरांच्या रांगेत मांडी घालून बसला.

अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "अरे घोड्या, इथं कशाला?"

"पाया भरायला. ताई, इथं मार्क किती पडतात?"

"इथं मार्क नसतात रे!"

सखाहरीने टुणकन उडी मारली. आईचा हात धरून तो थेट कॉलेजात गेला. आईला बाहेर उभं करून आत शिरला. "साहेब, मी सुरुवातीपासून धरलं. आता माझा एकही मार्क कमी नाही."

"अरे वा! मग आहेत किती?"

"एकही नाही."

प्राचार्यांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. मग हळूच काहीतरी बोलले.

सखाहरी नाचतच बाहेर आला. सारजाने पदराने डोळे पुसले. "मिळाली का रे जागा?"

"मिळाली, आई! साहेब स्वतः म्हणाले, तुझी जागा अंगणवाडीतच आहे."