राजकन्या कुमुदा आणि पंखांचा घोडा

एका राज्यात खेळण्यांचे एक दालन होते. मेघनाभ मांत्रिकाने ते नगरातल्या समस्त बालकांसाठी उभारले होते. तिथले लाकडी हत्ती चालत, भोवरे गात, आणि पंखांचा घोडा पाठीवर बसणाऱ्याला नदीपार फिरवून आणी. नियम एकच होता. सांजेचा नगारा झाला की प्रत्येकाने खेळणे जागेवर ठेवायचे.

राजा अरिदमनाची कन्या कुमुदा सात वर्षांची होती. तिचा जीव त्या घोड्यावर जडला होता. एके सांजेला नगारा झाला, तरी तिने घोड्याची मान सोडली नाही.

तिची मैत्रीण, कुंभाराची चिमा, घोड्याचे शेपूट धरून म्हणाली, "कुमुदे, खेळ संपला. ठेव आता."

"नाही ठेवणार! हा माझा एकटीचा आहे!"

हे शब्द उच्चारताच हत्ती थांबले, भोवरे मुके झाले, घोडा शिळा झाला. आणि त्याचे शेपूट धरलेली चिमाही शिळा झाली.

कुमुदेने तिला हाका मारल्या, हलवले. चिमाचा हात गार होता.

छतावरचा नीलकंठ पक्षी बोलला, "राजकन्ये, शाप उतरवणे मेघनाभाच्या हाती आहे. तुलाच जावे लागेल. वाट मी दाखवीन."

राजाने लेकीला जवळ घेतले.  पहाट होताच ती नीलकंठाच्या मागोमाग निघाली.

प्रथम नदी आली. पाण्यातून प्रकाशाची एक मासोळी उसळली आणि कुमुदेच्या ओंजळीत येऊन गाऊ लागली. इतके गोड गाणे तिने कधी ऐकले नव्हते. पण गाता गाता मासोळीला धाप लागली. कुमुदेने ओंजळ पाण्यात सोडली. नदी दुभंगली व तिला वाट मिळाली.

पुढे अरण्य लागले. तिथे ढगाचे एक पाडस तिच्या मागे मागे चालू लागले. ते तिचा गाल चाटी, तिच्या कुशीत शिरे. अरण्य सरले तेव्हा आकाशातून त्याच्या आईने साद घातली. कुमुदेने पाडसाच्या गळ्यातले हात काढून घेतले. ते वर चढत गेले, आणि ती मान वर करून बघत राहिली.

डोंगरमाथ्यावर मेघनाभ उभा होता. त्याच्या शेजारी दालनातल्यासारखाच पंखांचा घोडा होता, पण जिवंत, फुरफुरणारा.

मांत्रिक म्हणाला, "हा घे. कायमचा तुझा. कुणी परत मागणार नाही."

"आणि चिमा?"

"ती शिळाच राहील. तिला सोडवायचे, तर या घोड्याचा प्राण तिच्याकडे न्यावा लागेल."

कुमुदेने घोड्याच्या मानेवरून हात फिरवला. मग तिने विचारले, "आजोबा, एक फेरी मारू?"

"मार."

घोडा उडाला. खाली डोंगर मुठीएवढे झाले, नद्या दोऱ्यांसारख्या लकाकल्या, आणि सूर्य इतका जवळ आला की तिचे केस सोन्याचे झाले. ती श्वास घ्यायचे विसरली. मग तिने स्वतःहून लगाम वळवला, ती खाली उतरली आणि लगाम मांत्रिकाला दिला. 

मांत्रिकाने फुंकर घातली. घोड्याचा उबदार वारा झाला आणि कुमुदेच्या ओढणीत येऊन बसला.

नगरीत येऊन तिने चिमापुढे ओढणी सोडली. वारा सुटला. चिमाच्या गालांवर रंग चढला, हत्ती चालू लागले, भोवरे गाऊ लागले. दगडी घोड्यानेही पंख झटकले. तेवढ्यात सांजेचा नगारा झाला. कुमुदेने घोड्याला त्याच्या जागी नेले, आणि तिला हुंदका फुटला.

"कुमुदे, का रडतेस?" चिमाने विचारले.

"खेळ संपला म्हणून."

"मला पण रोज रडू येते," चिमा म्हणाली. "मी घरी जाताना वाटेत रडून घेते."

राजकन्येने डोळे पुसले व तिचा हात धरला. त्या सांजेला दोघी मिळून कुंभारवाड्याच्या वाटेने रडत गेल्या. घर आले तेव्हा दोघींचे रडून झाले होते, आणि चिमाच्या आईने दोघींना एकाच ताटात गरम भाकरी वाढली.