लंगड्या पहारेकऱ्याचं तोंड

पोरांनो, आणि पोरांना पुढे बसवून मागून कान देणाऱ्या शहाण्यांनो, ही फार मागली गोष्ट आहे. तेव्हा गावोगावी राजे होते आणि गाढवं बोलायची. आता बोलत नाहीत असं नाही, पण ते असो.

त्या काळी एक सोंगाड्या होता. राजाच्या नाटकमंडळीत कामं करायचा. नायकाचं काम त्याला जन्मात मिळालं नाही, तसं रूपच नव्हतं. बहिरा भटजी, तोतरा दूत, दारुडा सासरा, असली सोंगं त्याच्या वाट्याला. पण तो रंगून आला की लोक नायकाला विसरायचे.

ही सोंगं आणायचा कुठून? आपल्याच आळीतून. कुणाच्याही मागे मागे चालत जायचा आणि त्याची चाल, त्याचं खोकणं उचलून आणायचा.

समोरच्या घरात एक कुंभार राहायचा. लहानपणी मोडलेला पाय वाकडा सांधला होता, म्हणून लंगडायचा. सोंगाड्याने ती चाल उचलली आणि नाटकात लंगडा पहारेकरी उभा केला. कंबर तिरकी, खांदा वर, पाय घासत. राजा हसून हसून लोळला आणि हातातलं सोन्याचं कडं काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी कुंभार मडकी घेऊन बाजाराला निघाला, तर पोरं मागे लागली. "आला रे आला, लंगडा पहारेकरी!" मोठ्यांनी पोरांना दटावावं, तर तेच हसले. कुंभार मडकी सावरत पुढे गेला. त्या दिवसापासून मान खाली घालून चालायला लागला. सोंगाड्याला ते दिसलं नाही. त्याला कडं दिसत होतं.

पुढे सोंगाड्याचे दात पडले, पाठ केलेले शब्दही गळाले, मंडळीने दुसरा माणूस आणला. पण जन्मभर स्वतःचं तोंड रंगवून बोटांना रंगाची सवय झालेली. त्याने कुंचला धरला आणि चितारी झाला. लोक वाहवा करू लागले. हा पुन्हा फुगला.

त्या गावात एक रीत होती. माणूस गेला की चितारी त्याचं तोंड फळीवर काढायचा. डोळे तेवढे कोरे ठेवायचे. मग घरच्या उंबऱ्यात, घरच्यांसमोर, डोळे भरायचे. घरच्यांनी "आमचाच" म्हटलं की फळी कोनाड्यात ठेवून दिवा लावायचा. ओळख पटली नाही, तर दिवा नाही.

एके दिवशी कुंभार गेला. त्याची बायको सोंगाड्याच्या दारी आली.

"भावजी, एवढं काम तुम्हीच करा. जन्मभर समोर राहिलात. तुमच्याइतकं त्यांना कोणी बघितलंय?"

"वहिनी, डोळे मिटून काढीन," सोंगाड्या म्हणाला.

फळी घेऊन बसला आणि घाम फुटला. पाय आठवत होता. कंबर आठवत होती. नाक कसं होतं? मिशी होती का? काही म्हणता काही येईना. शेवटी उठून अंगणात लंगडत चालू लागला. म्हटलं, चाल आली की तोंडही येईल.

समोर कुंभाराचं गाढव बांधलेलं होतं. ते म्हणालं, "काय शोधतोस रे?"

"तुझ्या मालकाचं तोंड."

"ते कसं सापडणार? तोंड बघायला समोर उभं राहावं लागतं. तू तर कायम मागून चाललास."

सोंगाड्याचे कान लाल झाले. पण 'मला येत नाही' म्हणायची लाज मोठी वाटली. त्याने आठवेल ते तोंड काढलं आणि फळी घेऊन कुंभाराच्या उंबऱ्यात गेला. फळीवरचे कोरे डोळे रंगाने भरले.

कुंभारीण बघत राहिली. मग म्हणाली, "हा तर तुमचा पहारेकरी. रंग लावलेले तुम्हीच आहात हे, भावजी. माझा धनी कुठाय?"

सोंगाड्याची मान खाली गेली.

"पोरांची ती आरोळी आली की मला कळायचं, हे घरी आले," ती म्हणाली. "मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात यायची. ते पाय धुवायचे आणि भिंतीकडे तोंड करून बसायचे. तुमचं नाव एकदाही घेतलं नाही त्यांनी. ही फळी न्या. कोनाडा रिकामा बरा."

तिने दिवा लावला नाही.

सोंगाड्याने घरी येऊन फळी खरवडली आणि पुन्हा कुंचल्याला हात लावला नाही. गुडघे गेले होते, आता तो खरोखरच लंगडू लागला. एका संध्याकाळी तो आळीतून येत होता. कंबर तिरकी, खांदा वर, पाय घासत. नव्या पोरांना जुनं काय ठाऊक? आयांकडून ऐकलेलं ओरडली, "आला रे आला, लंगडा पहारेकरी!"

समोरचं दार उघडलं. कुंभारीण पाण्याचा तांब्या घेऊन घाईने उंबऱ्यात आली.

तिने त्याला बघितलं. तांब्यातलं पाणी गाढवाच्या डोणीत ओतलं आणि दार लावून घेतलं.

सोंगाड्या मान खाली घालून घराकडे निघाला. ती मान कोणाची होती, ते त्याला तेव्हा ओळखू आलं.

ज्याने माणसाचं व्यंगच तेवढं उचललं, त्याच्या हाती माणूस कधी लागत नाही.