एकाच मुठीचे दोन दांडे

“पण सर, ज्याला वाचता येतं तो चुकेलच कसा?”

निशिकांत बोधेने हे तिसऱ्यांदा विचारलं. शितोळेसर त्याच्या यंत्राभोवती सावकाश फिरत होते.

यंत्र कडबाकुट्टीचं. निशिकांतने दोन वर्षं खपून घडवलेलं. सोमवारी तशी तीनशे यंत्रं कारखान्यातून बाहेर पडायची होती. त्याआधी गुरूने एकदा ‘शाब्बास’ म्हणावं, म्हणून तो ते टेम्पोत घालून सासवडच्या पुढच्या माळावर, सरांच्या शेडमध्ये घेऊन आला होता. स्वतःची पाठ तर त्याने वाटेतच थोपटून घेतली होती.

शितोळेसर कोण, हे त्या भागात कुणाला सांगावं लागत नसे. विशीत ब्रह्मदेशच्या लढाईत विमान चालवलं. परतल्यावर हातात कानस घेतली, ती नव्वदी उलटली तरी खाली ठेवली नाही. हातपंप, उसाचे कोयते, पाय गेलेल्यांसाठी तीनचाकी गाड्या... काय काय म्हणून त्यांनी केलं नाही! दाराजवळ खिळ्याला त्यांचे लढाईतले दोन कातडी हातमोजे टांगलेले असत. येणारा जाणारा त्यांना हात लावून नमस्कार करी. आल्या आल्या निशिकांतनेही केला होता.

“हे दोन दांडे कसले?” सरांनी विचारलं.

“डावा ओढला की पाती थांबतात, उजवा ओढला की वेग वाढतो. दोन्ही एकाच मापाचे, एकाच मुठीचे. दिसायला कसं देखणं वाटतं! आणि वर पाटी आहे, लाल अक्षरांत.”

“पहिलं यंत्र कुणाला?”

“आमच्याच गोठ्यात. आई अजून कोयत्याने कडबा तोडते.”

सरांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि त्याच्या डोळ्यांवर बांधायला घेतलं. निशिकांतला हसू आलं, पण त्याने मुकाट्याने मान पुढे केली.

“आम्हांला असंच डोळे बांधून विमानात बसवायचे,” गाठ मारत सर म्हणाले. “चालू कर.”

त्याने केलं.

“वेग वाढव... थांबव... पुन्हा चालू कर.”

एकदाही हात चुकला नाही.

“बघा सर!”

“बघितलं. चालू राहू दे... आईचं नाव काय रे?”

“अनसूया.”

“गुडघे दुखतात?”

“फार. पण ऐकेल तर शपथ! सकाळी उठली की आधी गोठ्यात—”

“थांबव! अनसूयाबाईंचा हात!”

निशिकांतचा हात झेपावला. मूठ सापडली. होतं नव्हतं ते बळ लावून त्याने ती ओढली.

पाती थांबली नाहीत. दुप्पट वेगाने फिरली. काहीतरी चिवट कचाकच कापलं गेलं...

सरांनी भिंतीवरचं बटण बंद केलं.

निशिकांतने उपरणं ओरबाडून काढलं. कुट्टीच्या ढिगात तपकिरी कातड्याची बोटं पडली होती. कडब्याच्या पेंढीला बांधून सरांनी उजवा हातमोजा यंत्राच्या तोंडी दिला होता. खिळ्यावर आता एकच उरला होता.

त्याने ती बोटं उचलून ओंजळीत घेतली.

“सर... सत्तर वर्षं जपलेला मोजा...”

सरांनी स्टूल ओढलं.

“आमच्या विमानातही दोन दांडे होते. शेजारी शेजारी, एकाच मुठीचे. एक पंखांच्या झडपांचा, एक चाकांचा. मोहीम फत्ते करून विमान परत आलं. धावपट्टीवर टेकलं, पळायला लागलं. आता झडपा मिटायच्या म्हणून वैमानिकाने दांडा ओढला... आणि चाकं मिटली.”

“मग?”

“पोटावर घसरत गेलं. पेटलं. मागे नकाशा बघणारा पाटणकर होता. आज चहात साखर मिळणार का, असं विचारत होता... तो गेला.”

“दांड्यांवर पाटी नव्हती?”

“होती की. वैमानिकाला तोंडपाठ होती.”

“तो वाचला?”

“नव्वदी उलटली त्याची.”

निशिकांतने नजर वर केली. भिंतीला सरांच्या सगळ्या कामांचे नमुने टांगलेले होते. प्रत्येकाची मूठ वेगळी... एक गोल, एक चपटी, एकीला खाचा, एकीला सुतळी गुंडाळलेली. म्हाताऱ्याची लहर, असं म्हणून तो इतकी वर्षं मनात हसत आला होता. आता त्याला उमगलं. सत्तर वर्षं हा माणूस एकच दांडा पुन्हा पुन्हा बरोबर करत बसला होता. निशिकांतने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि ते लवकर उचलवेना.

“सर, सोमवारी एकही यंत्र बाहेर पडणार नाही. मुठी बदलतो. पण... या खेपेला जमलं, हे मला कळायचं कसं?”

सर उठले. खिळ्यावरचा हातमोजा काढून त्यांनी त्यावरची धूळ फुंकली, आणि तो पुन्हा जागच्या जागी अडकवला.

“यंत्र घेऊन ये,” ते म्हणाले. “डावा अजून आहे.”